दोन टप्प्यांचा खटका

रेनदालेन, १४ ऑगस्ट

आइविन,

लाकडी घ्यावी की काळी, एवढंच विचारायचंय. उत्तर एका शब्दात दिलंस तरी चालेल.

बंदूक माझ्यासाठी नाही, तुझ्या लेकीसाठी आहे. आता हे पत्र चुरगाळायला तुझे हात शिवशिवतील, पण आधी पुरतं वाच आणि मग खुशाल चुरगाळ. सिन्ने वनशाळेत शिकायला आमच्या खोऱ्यात आली ते तुला ठाऊक आहे. ती पहिल्या महिन्यापासून दर शनिवारी माझ्याकडे जेवायला येते ते तुला ठाऊक नाही. बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्याशी पत्ते खेळायला तीच असायची. दोघंही लबाडी करायचे आणि एकमेकांना पकडायचे. या उन्हाळ्यात तर तिने सामानच आणून टाकलंय, तुझ्या जुन्या खोलीत. म्हणाली, ‘आत्या, वसतिगृहातल्या कॉफीला मोज्यांचा वास येतो.’ मग मी काय, हाकलून देऊ?

बाबा फेब्रुवारीत गेले तेव्हापासून मूस हरणांच्या शिकारीच्या टोळीतली त्यांची जागा मोकळी आहे. ती सिन्नेला हवी आहे. शिकारीची लेखी परीक्षा ती पास झाली, पोलिसांचा परवाना आला, आणि पंचवीस सप्टेंबरला हंगाम सुरू होतो. बाबांची बंदूक तिला जमत नाही, कारण ती तुझ्यासारखीच डावखुरी. म्हणून नवी.

काल एल्वेरुमला दुकानात गेलो. दुकानदार अस्ला म्हणून आहे, तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याने दोन बंदुका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही बोल्टवाल्या, दोन्ही साडेसहा मिलिमीटरच्या, दोन्ही डाव्या हाताच्या. दोघींचं मॅगझिन निघतं, दोघींत तीन-तीन काडतुसं. एकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, दुसरीचा काळा प्लास्टिकचा. काळी दोनशे ग्रॅमने जड. लाकडीचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, काळीचा जरा खरखरतो पण थंडीत गोठत नाही म्हणे. किमतीतही नावापुरता फरक. अस्ला म्हणाला, ‘सख्ख्या बहिणी आहेत या. जिच्याशी गाल जमेल ती घरी न्या.’ सिन्नेने लाकडीला गाल लावला आणि मग उचलेचना.

एक फरक मात्र आहे. अस्लाने तो अगदी शेवटी, जाता जाता सांगितला. काळीचा सुरक्षेचा खटका तीन टप्प्यांचा आहे. मधल्या टप्प्यावर ठेवला की चाप बंद राहतो, आणि तरीही बोल्ट उघडून आतलं काडतूस काढता येतं. लाकडीचा दोन टप्प्यांचा. तो बंद केला की बोल्टही बंद. बंदूक रिकामी करायची तर आधी खटका पुढे ढकलून तिला चालती करायची आणि मगच बोल्ट उघडायचा. हे तुला सांगायला नको.

मला तिथेच दरदरून घाम फुटला. अस्लाने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, सकाळी शाळेची बस सोडली आणि न खाताच आले, म्हणून असेल.

तर सांग. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही, आणि मला बंदुकीतलं फारसं कळत नाही.

तोरुन

२४ ऑगस्ट

आइविन,

तुझं कार्ड मिळालं. तुमच्या वार्दोच्या धक्क्याचं चित्र सुरेख आहे. मागे तीन शब्द, ‘तिला परत पाठव.’ अरे, मी बंदुकीचं विचारलं होतं, पार्सलचं नाही. ती एकोणीस वर्षांची आहे. तू पाठव म्हणालास आणि मी पाठवली, असं होईल का?

कार्ड मी तिला दाखवलं नाही. ओट्यावरच्या डब्यात, वेलदोड्यांच्या मागे ठेवलंय.

गुरुवारी नेमबाजीची परीक्षा झाली. अस्लाने दोन्ही बंदुका मैदानावर आणल्या, मोठ्या मनाचा आहे, किंवा सिन्नेने त्याला गुंडाळला. दोघींवर सराव केला, मग परीक्षेच्या पाच गोळ्या, शंभर मीटरवरून. पाचही वर्तुळात. आपल्या कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ जवळ. मग हौस म्हणून काळीवरूनही पाच मारल्या, त्याही तशाच. दोन कागद शेजारी ठेवले तर कुठला कुठलीचा ते मला सांगता आलं नसतं. अस्ला जाताना ओरडला, ‘घाणेरडी शिकार होवो, पोरी!’ ती खूश झाली. तुमच्याकडे मासेमारीला निघालेल्यांनाही असंच म्हणतात ना, चांगलं चिंतलं की पाण्यात जातं म्हणून.

घरी येऊन वॅफल करायला घेतले आणि आमची जुंपली.

‘आत्या, तुझं काळीसाठी एवढं काय अडलंय?’

‘हलकी आहे ती.’

‘जड आहे ती. दोनशे ग्रॅमने.’

‘पावसात फुगणार नाही.’

‘मी तेल लावीन.’

‘तुझं तेल मला माहीत आहे. सायकलची साखळी बघ जाऊन.’

‘आत्या, तू स्वतः बंदूक शेवटची कधी हातात घेतलीस?’

मी उठून वॅफलच्या साच्याकडे गेले. आत काही नव्हतं, तरी उघडून बघितलं. तिला वाटतं मी जन्मभर बसच चालवली आणि टोळीला कॉफी पाजली. मी कधी नेम धरला होता हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तिला कोणी सांगितलेली नाही. आजोबांचा पाय झाडाखाली सापडून गेला, असं ती समजते. तूच तसं सांगितलंस म्हणे, ती लहान असताना. बाबाही तिला तेच सांगायचे, पत्ते पिसता पिसता. मीही तेच सांगते. आपलं तिघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. पण खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे ना, आइविन. टोळीत नऊ जण आहेत, त्यातले चार त्या दिवशी होते. रोज ती घराबाहेर पडली की माझा जीव टांगणीला लागतो, आज कोणीतरी तिला सांगणार. सगळ्यांना जे माहीत आहे ते सांगणार.

काळी घे, एवढं तरी लिहून पाठव. तुझं ती ऐकेल.

तोरुन

६ सप्टेंबर

आइविन,

कळलं तिला.

काल येर्मुनकाकांकडे टोळीची बैठक होती. ते अजून टोळीप्रमुख आहेत, चौऱ्याहत्तरचे झाले तरी. जागा वाटायच्या होत्या. सिन्ने नीट केस बांधून गेली होती, परीक्षेचा कागद घडी घालून खिशात. मी नेहमीसारखी केक कापायला.

तिने बाबांची जागा मागितली. येर्मुनकाकांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, ‘पोरी, तू गुणी आहेस. ओड्डची नात म्हणून मी तुला लगेच घेतली असती. पण तू आइविनची मुलगी आहेस. तुझ्या बापाने भरल्या बंदुकीने माझ्या दोस्ताला जन्माचा लंगडा केला. बंदूक रिकामी आहे का, एवढंच बघायचं असतं. तेवढंही त्याच्याने झालं नाही. तसले हात मला माझ्या टोळीत नकोत.’

सिन्नेने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात सुरी होती आणि मी केक कापत राहिले, आइविन. इतके तुकडे केले की माणसागणिक तीन तीन आले असते.

गाडीत ती म्हणाली, ‘आत्या, हे खरं आहे?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘बाबाने बघितलं नव्हतं?’

‘नाही बघितलं.’

रस्त्यावर नजर ठेवायची होती म्हणून तिच्याकडे बघावं लागलं नाही. ती रडली नाही. घरी येऊन तुझ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी खोटं बोलले नाही. तू बघितलं नव्हतंस. का बघितलं नव्हतंस, ते मात्र मी गिळलं. इथे लिहिते. हे पत्र तुझ्याशिवाय कोणी वाचणार नाही आणि तुला ते आधीच माहीत आहे, म्हणून एवढं धाडस.

तू त्या सकाळी आधीच्या दिवसाचा मूस ओढायला खाली गेलास आणि तुझी बंदूक मला दिलीस. ‘तासभर माझ्या जागेवर बस,’ म्हणालास. मी बावीस वर्षांची होते आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मी काडतूस आत सरकवलं, खटका लावला आणि बसले. काही आलं नाही. थंडीने बोटं बधिरली होती. शिट्टी झाली तेव्हा मी मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि शेकोटीकडे निघाले. बोल्ट उघडला नाही. चेंबरमधलं एक काडतूस तिथेच राहिलं.

आपल्या टोळीचा नियम तुला सांगायला नको. शेकोटीच्या उजेडात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने बोल्ट उघडायचा, बोट घालून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, ‘रिकामी!’ मी म्हटलं. छान खणखणीत म्हटलं, सगळ्यांच्या आरोळ्यांत; कोणाच्या हातात कोणाची बंदूक हे कोणी बघत नव्हतं. बघितलं मात्र नाही. कॉफीचा वास येत होता, आणि बाबांनी माझ्यासाठी ओंडक्यावर जागा केली होती.

तू आलास, मी ‘रिकामी आहे’ म्हणत बंदूक तुझ्या हातात दिली. गाडीत ठेवायला तुला बोल्ट काढायचा होता. दोन टप्प्यांचा खटका, तो पुढे ढकलल्याशिवाय बोल्ट उघडेना. उजव्या हाताची बंदूक आणि तू डावखुरा, हातात जाड मोजे. मी रिकामी म्हणाले होते, म्हणून तू ढकललास, आणि मोज्यातलं बोट चापावर दाबलं गेलं.

बाबा समोर बसले होते. गुडघा असा राहिलाच नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मग येर्मुनकाकांकडे वळून म्हणालास, ‘माझी चूक. मी बघितलं नाही.’

मी काहीच म्हटलं नाही. तेव्हा नाही, दवाखान्यात नाही, पोलीस आले तेव्हा नाही. तू वसंतात निघून गेलास तेव्हाही मी दारात उभी होते आणि ‘डबा घेतलास ना?’ एवढंच विचारलं.

तोरुन

१५ सप्टेंबर

आइविन,

तुझं काही आलं नाही. येऊ नये अशीच माझी लायकी आहे. तरीही लिहिते, कारण आता जे झालंय ते तुला माझ्याकडून कळायला हवं.

तुझी लेक तुझ्याहून हट्टी आहे. ती संध्याकाळी येर्मुनकाकांच्या पायरीवर जाऊन बसायला लागली. काही बोलायची नाही, नुसती बसायची. तिसऱ्या संध्याकाळी ते बाहेर आले आणि म्हणाले, ‘ये. पण पहिला हंगाम तुझ्या बंदुकीचा बोल्ट माझ्या खिशात राहील. तू जागेवर नुसती बसायचं, काठी घेऊन बसल्यासारखं.’ सगळ्या खोऱ्यादेखत. आणि ती हो म्हणाली! मला सांगताना तिचे कान लाल झाले होते.

‘बाबाने केलं ते मी फेडीन, आत्या,’ म्हणाली. ‘एक वर्ष काय, दोन वर्षं काठी घेऊन बसेन.’

दुसऱ्या दिवशी तिने बंदूक आणली. लाकडीच. आणि स्वयंपाकघरात टेबलावर सराव सुरू केला, नकली पितळी काडतुसं घेऊन. भरायची, खटका लावायचा, मॅगझिन काढायचं, खटका पुढे, बोल्ट उघडायचा, बोट घालायचं, ‘रिकामी!’ रोज पन्नास वेळा. मी बटाटे सोलत असायचे. प्रत्येक वेळी खटका पुढे गेला की माझी सुरी थांबायची. पन्नास वेळा रोज, आइविन. मी बटाट्यांची सालं इतकी जाड काढत होते की ती म्हणाली, ‘आत्या, बटाटे कुठे गेले?’

काल शनिवार. ती दमली होती, दिवसभर रोपं मोजून आली होती. भरली, खटका लावला, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, मैत्रिणीचा काहीतरी निरोप. वाचता वाचता हसून म्हणाली, ‘रिकामी,’ आणि बंदूक माझ्याकडे सरकवली, पुसायला.

मी खटका पुढे ढकलला आणि बोल्ट उघडला. सव्वीस वर्षांनी हात लावला, तरी हाताला सगळं आठवत होतं. पितळी काडतूस टण्णकन उडालं आणि बटाट्यांच्या पातेल्यात पडलं.

मी किंचाळले. अशी किंचाळले की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. सिन्ने पांढरीफटक. भिंतीला टेकली आणि म्हणाली, ‘देवा. मी अगदी बाबासारखीच आहे.’

आता बघ, मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. मला सवय आहे. पण तिचा चेहरा तुझ्यासारखा झाला होता, आणि ती ते आयुष्यभर खरं धरून चालणार होती.

मी म्हटलं, ‘नाही. तू माझ्यासारखी आहेस.’

मग सगळं सांगितलं. शिट्टीपासून डब्यापर्यंत. मी संपवल्यावर तिने पातेल्यातून ते काडतूस काढलं, पुसलं आणि खिशात टाकलं. वर गेली, पिशवी भरली.

दारात म्हणाली, ‘परवा येर्मुनकाकांसमोर तू केक कापत होतीस.’

‘हो.’

‘मी तुझ्याकडे बघत होते.’

‘हो गं.’

गेली ती वसतिगृहात. मोज्यांच्या कॉफीकडे. घर नुसतं खायला उठलंय. आणि खरं सांगू का, मला आता सगळ्याचीच भीती वाटते. पायरीवर कोणाची पावलं वाजली की मी ओट्याआड उभी राहते, या वयात.

तोरुन

२२ सप्टेंबर

आइविन,

सांगितलं. काल, टोळीसमोर, हंगामाआधीच्या जेवणाला.

जाताना गाडी दोनदा थांबवून परत घराकडे वळवली. वय अठ्ठेचाळीस, रोज तीस पोरं बसमध्ये घालून घाटातून नेते, बर्फातसुद्धा, आणि काल मला गिअर सापडेना. शेवटी उरलेला किलोमीटरभर चालत गेले.

सगळे जेवत होते. सिन्ने टोकाला बसली होती, मान खाली. येर्मुनकाका म्हणाले, ‘उशीर केलास, तोरुन. बस, रस्सा गार होतोय.’ मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठले नसते. उभ्यानेच म्हटलं, ‘बंदूक माझ्या हातात होती. मी रिकामी म्हणाले आणि मी बघितलं नव्हतं. आइविनने माझ्या शब्दावर खटका ढकलला. तो सव्वीस वर्षं माझं नाव न घेता बाहेर राहिला आणि मी त्याला राहू दिलं.’

कोणाच्या तरी हातून चमचा पडला. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला असता तर बरं वाटलं असतं.

येर्मुनकाकांनी एकच विचारलं, ‘ओड्डला माहीत होतं?’

‘नाही.’

‘म्हणजे तो गेला तो पोरावर राग धरूनच.’

‘हो.’

ते उठले. मला वाटलं मारतात की काय. खुंटीवरच्या आपल्या कोटाच्या खिशात त्यांनी हात घातला, सिन्नेने जेवणाआधी त्यांच्या हवाली केलेला तिच्या बंदुकीचा बोल्ट काढला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. ‘माझं चुकलं, पोरी,’ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, ‘तोरुन, तू आता येत जाऊ नकोस. कॉफीलाही नको. उद्या काय वाटेल सांगता येत नाही, पण आज मला तुझ्या हातची कॉफी गिळवणार नाही.’

बरोबरच आहे त्यांचं. मी टोपी घातली आणि निघाले.

सिन्ने अंगणात माझ्यामागे आली. मी म्हटलं, ‘निदान काळी तरी घे. अस्ला बदलून देईल, मी बोलते त्याच्याशी.’ एवढं सगळं झाल्यावरही माझ्या तोंडातून तेच निघालं, काय म्हणावं मला!

ती म्हणाली, ‘आत्या, सहा आठवडे तू त्या खटक्याच्या मागे लागलीस. खटक्याने कोणाचं काय केलं होतं?’

काळी चांगली, लाकडी वाईट असं मला कोणीतरी लेखी द्यायला हवं होतं. तुझ्याकडून तर हवंच होतं. मग दोष बंदुकीवर गेला असता आणि माझ्या वाट्याला थोडा कमी राहिला असता. म्हणूनच मी तुला पहिलं पत्र लिहिलं, आता कळतंय.

‘लाकडीच्या खटक्याची मला भीती वाटते,’ ती म्हणाली. ‘म्हणून मी दर वेळी बघते. शनिवारपासून दोनदा बघते. काळी असती तर मी निर्धास्त झाले असते. मला नाही व्हायचं.’

मग आत जाता जाता, ‘मी बाबाला फोन केला. येतोय तो.’

हे पत्र तुला तिथे मिळणार नाही, तू निघालेला असशील. तरी टाकते.

तोरुन

२५ सप्टेंबर, दुपार

आइविन,

हे टपालाने नाही. तुझी पिशवी जिन्याखाली आहे, तिच्यात ठेवणार आहे.

पहाटे तू सिन्नेबरोबर दारात आलास. केस किती पिकलेत तुझे. तू म्हणालास, ‘बाबांचे बूट?’ मी म्हटलं, ‘जिन्याखाली.’ तू घातलेस. तुला ते होतात. बस, एवढंच बोललो आपण, आणि तुम्ही दोघं निघून गेलात, ती बंदूक घेऊन आणि तू रिकाम्या हाताने, तिच्या मागे बसायला.

मी खिडकीशी बसले. स्वेटर उसवून पुन्हा विणायला घेतला, टाके पडत राहिले. नऊ चाळीसला गोळी वाजली. तुमच्याच टेकडीवरून. एकच. दुसरी येईल म्हणून मी वाट बघत होते, दुसरी आली नाही. मूस एका गोळीत पडतो, मला माहीत आहे. माणूसही पडतो तेही मला माहीत आहे. माझी पाचावर धारण बसली. मी टेबलाची कड धरून मोजत होते, मोजताना आकडे चुकत होते, आणि तेवढ्यात फोन वाजला आणि तुझं नाव आलं. मी उचलेपर्यंत तो दोनदा बंद झाला. मुद्दाम नाही. बोट बसेना.

तू धापा टाकत होतास. ‘तोरुन, ती गोळी तिची नव्हती. पलीकडच्या जागेवरची होती. तिच्यासमोर नर आला, चाळीस मीटरवर, आडवा. एवढी सोपी संधी मी जन्मात बघितली नाही. तिने नेम धरला आणि बंदूक खाली घेतली. त्याच्या मागे झाडीत येर्मुनकाकांची लाल टोपी होती. मला दिसली नव्हती. तिला दिसली.’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काय? नर गेला निघून. तिने बोल्ट उघडला, बोट घातलं, मला दाखवलं. मग बसून रडली.’

मागे ती नाक ओढत होती ते ऐकू येत होतं. मला वाटलं आता तू ठेवशील. तू ठेवला नाहीस. म्हणालास, ‘घाबरली होतीस?’

‘हो.’

‘मीही.’ मग म्हणालास, ‘त्या दिवशीही मी घाबरलो होतो. मी चूक कबूल केली ती घाईत. मला वाटलं, तू बोलशील. अँब्युलन्स येईपर्यंत मी तुझ्याकडे बघत होतो. का नाही बोललीस?’

आणि मी फोन ठेवून दिला. तुझ्यावर नाही ठेवला. माझ्याच्याने ऐकवेना.

आता तुम्ही परत येताय, रस्त्यावर गाडी दिसतेय, म्हणून भराभर लिहिते. विचारलंस त्याचं उत्तर देते. मला शिक्षेची भीती नव्हती. पोलिसांचीही नव्हती. बाबा ओंडक्यावरून खाली पडले होते, त्यांचे डोळे उघडे होते आणि ते तुझ्याकडे बघत होते. ती नजर मी बघितली. मला वाटलं ते आता मरणार, आणि मरताना त्यांनी माझ्याकडे तसं बघू नये. एवढंच होतं मनात. मग ते मेले नाहीत. पंचवीस वर्षं जगले, माझ्या हातची भाकरी खाल्ली, मला ‘सोन्या’ म्हणाले, आणि टेबलावर तुझं नाव निघालं की तसंच बघायचे, भिंतीकडे.

ती नजर माझी होती, आइविन. मी ती तुला घेऊ दिली.

तोरुन